एकाच पेशीची संतती

गोव्यात पावसाळ्यात ताप आला की हिवतापाची तपासणी ओघानेच येते. साचलेल्या पाण्यात, विशेषतः बांधकामांवरच्या टाक्यांत, ॲनोफिलिस डास वाढतात. आरोग्य केंद्रात बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब पट्टीवर पडतो आणि हिवतापाच्या फाल्सिपेरम या परजीवीने रक्तात सोडलेले एचआरपी-२ हे प्रथिन त्यात असेल, तर काही मिनिटांत लालसर रेघ उमटते. ही रेघ म्हणजे त्या प्रथिनाला धरून थांबलेले प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक पदार्थ ओळखून धरणारी शरीराची संरक्षक प्रथिने (अँटिबॉडी), आणि त्यांना जोडलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण.

हे प्रतिपिंड येतात कुठून? उंदराला प्रतिजन, म्हणजे शरीराला परका वाटणारा पदार्थ, टोचले की त्याचे शरीर प्रतिपिंड बनवतेच. अडचण ती नव्हे. एकाच प्रतिजनाचे निरनिराळे भाग ओळखणाऱ्या अनेक बी-पेशी (प्रतिपिंड बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) एकदम कामाला लागतात, त्यामुळे रक्तद्रवात मिळते ते त्यांचे मिश्रण, आणि तेही प्राण्यागणिक वेगळे. प्रत्येक बी-पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते खरी, पण शरीराबाहेर ती फार दिवस जगत नाही.

1975 मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतील बी-पेशींचा संयोग मायलोमा या कर्करोगाच्या, अखंड विभाजित होणाऱ्या पेशींशी घडवला. अशा संकरित पेशीला हायब्रिडोमा म्हणतात.

खरी हुशारी मात्र निवडीत आहे. संयोग थोड्याच पेशींचा होतो आणि उरलेल्या मायलोमा पेशी वाढू दिल्या, तर त्या सगळे भांडे व्यापतील. म्हणून मुद्दाम एक विकर (एन्झाइम) नसलेल्या मायलोमा पेशी घेतात. पोषक द्रवातील ॲमिनोप्टेरिन हे रसायन डीएनएचे घटक तयार करण्याचा नेहमीचा मार्ग बंद करते. पर्यायी मार्गासाठी तेच विकर लागत असल्याने या पेशी मरतात. एकट्या बी-पेशी आपोआप संपतात. ज्यांना बी-पेशीकडून विकर आणि मायलोमाकडून अखंड वाढ मिळाली, त्या संकरित पेशीच तगतात.

त्यानंतर हा द्रव इतका विरळ करतात की 96 खळग्यांच्या तबकातील एका खळग्यात शक्यतो एकच पेशी यावी. एलिसा या प्रतिपिंड ओळखणाऱ्या चाचणीने हवे ते प्रतिपिंड देणारा खळगा शोधला जातो. हे काम कंटाळवाणे, पण टाळता न येणारे. निवडलेल्या पेशीची संतती द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येते आणि हवी तेव्हा पुन्हा वाढवता येते.

औषध म्हणून देताना मात्र उंदराचे प्रतिपिंड माणसाच्या शरीराला परके वाटतात. त्यासाठी जनुकांत बदल करून प्रतिजन धरणारा नेमका भाग तेवढा उंदराचा ठेवतात आणि उरलेला सारा मानवी घेतात.