भरती तीनची, आपण जायचं पाचला

श्रोतेहो, नमस्कार.

डोळे मिटून श्वास मोजायला बसलं की बऱ्याच जणांना दोन मिनिटांत घराचा हप्ता आठवतो, नाहीतर उद्याचा डबा. मग वाटतं, ध्यानबिन आपल्याला जमायचं नाही. पण नवशिक्याच्या मनाला टेकायला काहीतरी लागतं, आणि ठाणे-नवी मुंबईकरांना ते फार जवळ आहे: खाडीकाठचा चिखल. हो, ज्याच्याकडे पाठ फिरवून आपण पुलावरून जातो, तोच.

आधी वेळ काढायला शिकू. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा. तिला तीनने गुणा, चारने भागा. येतो तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि रात्रीही तीनच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, कोळीवाड्यात जिला सुकती म्हणतात. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पुढे सरकते. हा हिशेब अर्ध्यापाऊण तासाने इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते; वाशीला आधी, ठाण्याच्या टोकाला नंतर. आपल्या कामाला एवढा अंदाज पुरतो.

जायचं भरतीनंतर दोन-अडीच तासांनी, पाणी हटत असताना. म्हणून संकष्टी किंवा विनायकीची संध्याकाळ उत्तम: तीनला भरती, पाच-साडेपाचला काठचा चिखल उघडा पडू लागतो. सकाळची सवय असेल तर सप्तमी-अष्टमी घ्या. एकादशीला सकाळी आठला गेलात तर समोर नुसतं पाणी दिसेल, आणि पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप लांब जातं. अष्टमीला भांगाची भरती, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

बसायला वाशीचं सागर विहार किंवा घोडबंदर रस्त्यावरचं गायमुख चालेल. पक्क्या काठावरच बसा. चिखलात पाऊल टाकू नका, तो गुडघ्यापर्यंत ओढतो, आणि तिथे जगणाऱ्यांची घरं मोडतात. पूर्ण बाह्यांचे, मळकट रंगाचे कपडे घाला. डास चावू लागले की लक्ष तिथेच अडकतं. कुजक्या अंड्यासारखा वास येईल. शहराचं सांडपाणी खाडीत येतं हे खरंच आहे, पण हा वास बराचसा चिखलाचा स्वतःचा असतो. आत हवा पोचत नाही, तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात. तिवरांची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटी झाडांची, मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात, ती याच कारणाने: श्वास घ्यायला.

आता मुख्य काम. समोरचा सतरंजीएवढा एकच तुकडा निवडा आणि त्यातल्या बिळांकडे बघत राहा. सुरुवातीला काहीही दिसणार नाही. तुम्ही आलात तेव्हाच सगळे आत पळालेले असतात. पाच मिनिटं, कधी दहाही, अगदी न हलता बसलात की एका बिळाच्या तोंडाशी दोन डोळे येतात. मग अंगठ्याच्या नखाएवढा खेकडा बाहेर येतो. नराची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य, दुसरी इवलीशी. लहान नांगीने तो चिखल उचलून तोंडात घालतो, खाण्यासारखं तेवढं ठेवतो आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकतो. मोठी नांगी मधूनच वर उचलून हलवतो, माद्यांना बोलवायला. त्या गोळ्या मोजा. तुमचा हात नुसता केसाकडे गेला तरी सगळे पुन्हा गडप! स्वतःची चुळबूळ इतक्या सरळपणे दाखवून देणारा दुसरा गुरू शोधून सापडणार नाही.

विचार येतीलच. आला की त्याच बिळाकडे नजर परत आणायची, बस. शेजारी निवटी दिसली तर तिचे डोळे बघा. मासा असून ती चिखलावर सरपटते, आणि मधूनच डोळे खोबणीत ओढून ओले करून घेते.

शेवटची पाच मिनिटं डोळे मिटा. पुलावरच्या गाड्यांपासून सुरुवात करून आवाज एकेक करत जवळ आणा: टिटवी, वारा, आणि अगदी शेवटी चिखलातला बारीक चुटुचुटु आवाज. उठताना काठावरच्या तिवराच्या पानावर, विशेषतः खालच्या बाजूला, बोट फिरवून बघा. खरखरीत लागेल. ते मीठ आहे, झाडाने खाऱ्या पाण्यातून घेतलेलं आणि पानावाटे बाहेर टाकलेलं.

फसतं कुठे? बहुतेक वेळा फ्लेमिंगोंपाशी. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं, त्यामुळे हिवाळ्यात येणारा प्रत्येक जण रोहित पक्ष्यांच्या मागे लागतो. ते लांब असतात, मग मोबाइल निघतो, फोटो मोठा करून बघणं सुरू होतं, आणि अर्धा तास पडद्यावरच जातो. रोहित जरूर बघा, मान उलटी करून चोचीने पाणी गाळणारा तो पक्षी बघण्यासारखाच आहे. पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. दुसरी चूक घाईची. पंधरा मिनिटांत उठलात तर खेकडे नुकतेच धीट होऊ लागलेले असतात.

घरी आल्यावर वहीत एकच ओळ लिहा: तिथी, वेळ, पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं होतं. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की ऑफिसच्या खिडकीत दिवसा दिसणारा फिकट चंद्र बघूनही आत्ता खाडीत पाणी चढतंय की उतरतंय, हे तुम्हाला सांगता येईल.

येती चतुर्थी कधी आहे, तेवढं आज कॅलेंडरमध्ये बघून ठेवा. नमस्कार.