परत गेलेल्या पोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की आपल्या शहरांच्या बसस्थानकांवर वळकटी, बादली आणि लाडवांचा डबा घेऊन उतरणारी मुले दिसू लागतात. सोबत आलेले वडील संध्याकाळच्या गाडीने परत जातात आणि ज्या मुलाने आजवर घराबाहेर चार रात्री सलग काढलेल्या नसतात, ते तीन अनोळखी मुलांच्या खोलीत येऊन पडते. पुढच्या काही महिन्यांत या मुलाचे मन कसे राहील, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून सांगता येत नाही. मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी अनेक वर्षे काम केले आणि तेथे पाहिलेले काही आज आपल्यापुढे मांडणार आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये बुद्धीचे तीन प्रकार सांगितले. एक कल्पनांशी आणि चिन्हांशी खेळणारी, दुसरी यंत्रांना आणि वस्तूंना वळण लावणारी, आणि तिसरी माणसे ओळखून त्यांच्याशी शहाणपणाने वागणारी. या तिसरीला त्याने सामाजिक बुद्धिमत्ता म्हटले. ती बालवाडीत, खेळाच्या मैदानावर, बराकीत आणि कारखान्यात मुबलक दिसते, पण परीक्षेच्या प्रयोगशाळेत हाती लागत नाही, असेही त्याने नोंदवले होते. त्याच्या यादीत मी वसतिगृहाच्या मेसची भर घालीन.

एका वर्षी आमच्याकडे तालुक्यात पहिली आलेली एक मुलगी होती. पहिल्या चाचणीत तिला फार कमी गुण पडले, आणि तिने मेसमध्ये येणे बंद करून डबा खोलीवर मागवायला सुरुवात केली. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या लक्षात आले, की तीन दिवस डब्यातल्या पोळ्या घडीसुद्धा न मोडता परत जात आहेत. तिने चारचौघींत काहीही विचारले नाही. रात्री दिवे मालवायच्या वेळी ती एवढेच म्हणाली, "मला एकटीला जेवण जात नाही गं, उद्या खाली माझ्यासोबत बसशील का?" मागणे तिने स्वतःकडे घेतले, त्यामुळे समोरचीला आपली कोणी कीव करते आहे असे वाटले नाही. आठवड्याभराने त्या दोघी माझ्या दारात आल्या. पहिले वाक्य मैत्रिणीने बोलून टाकले, "मॅडम, हिला तुमच्याशी बोलायचंय," आणि मग ती गप्प राहिली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत ती पहिली आलेली मुलगी बोलू लागेपर्यंत बराच वेळ गेला, पण मैत्रिणीने मध्ये एक शब्द घातला नाही. या मैत्रिणीला त्याच सत्रात दोन विषयांत एटीकेटी लागली होती. तिच्या अंगी जे होते, त्यासाठी आमच्याकडे गुणांचा रकाना नव्हता, याची खंत मला आजही वाटते.

मानसिक स्वास्थ्य म्हणजे आजार नसणे, एवढाच अर्थ आपण धरतो. कॅरल रिफ या संशोधिकेने 1989 मध्ये त्याची सहा अंगे मांडली, ती अशी: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याची नाती, स्वतःचे निर्णय स्वतः घेणे, भोवतालच्या परिस्थितीवर पकड, जगण्याला हेतू आणि व्यक्ती म्हणून वाढत राहणे. यांतले नात्यांचे अंग दुबळे झाले की बाकीची अंगेही ढासळू लागतात, असे मी मुलींमध्ये पाहिले. उलटही घडते. मन उदास असलेली मुलगी माणसांपासून दूर सरकते आणि आपण तिला एकलकोंडी ठरवून मोकळे होतो. यात आधी काय आणि नंतर काय, हे बाहेरून ठरवणे अवघड असते, म्हणून अबोल मुलांवर शिक्का मारण्याची घाई करू नये.

बोलघेवडेपणा म्हणजे सामाजिक बुद्धिमत्ता नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. स्नेहसंमेलन गाजवणारी, सर्वांना हसवणारी मुलगी आतून पोखरलेली असू शकते, आणि ती हसवते म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. याउलट आपल्या मुलांना खरी नडते ती भीड. भीड भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. शिकवलेले समजले नाही हे सरांना कसे सांगावे, मेसचे पैसे या महिन्यात देता येणार नाहीत हे कोणाला बोलावे, या भिडेपोटी मुले साध्या अडचणी महिनोन्‌महिने मनात दाबून ठेवतात. योग्य माणूस हेरून योग्य वेळी मदत मागता येणे, हा या बुद्धिमत्तेचा मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, आणि तो सरावाने येतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास आणि अभ्यासिका एवढेच ज्याच्या वाट्याला येते, त्या मुलाने हा सराव करायचा कुठे?

पालकांना माझी एक विनंती आहे. रोजच्या फोनवर आपण "जेवलास का, अभ्यास झाला का" एवढेच विचारतो. "आज कोणाबरोबर जेवलास?" असे विचारून पाहा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या थांबण्यात आपल्याला पुष्कळ काही ऐकू येईल.

आणि विद्यार्थ्यांनो, मैत्रीलाही मर्यादा असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. मित्र जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याने घातलेली शपथ मोडून ही गोष्ट शिक्षकांना, रेक्टरांना किंवा त्याच्या घरी सांगा. तो रागावेल, कदाचित काही दिवस अबोला धरेल, तरीही सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे; तेथे दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. क्रमांक आहे 14416. जवळ कागद असेल तर लिहून घ्या, पुन्हा सांगते: एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.