मिंधेपणाशिवाय पैसा

विद्यार्थी संघाने कॅम्पसवरच्या वृत्तपत्राला, रेडिओला पैसा द्यावा का, असा प्रश्न तुम्ही मला विषय म्हणून दिलात. माझं उत्तर आधीच सांगते. द्यावा. पण दिलेला पैसा अडवून धरण्याची सोय संघाकडे असू नये. यातला दुसरा भाग अवघड आहे, त्यामुळे आज बोलणार आहे ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

मी दोन्हीकडची कामं केली आहेत. आधी विद्यार्थ्यांच्या पाक्षिकाची संपादक होते, नंतर वर्षभर संघाची खजिनदार. संपादक असताना आम्ही संघाच्या महोत्सवाच्या खर्चावर बातमी केली. मंजूर रक्कम आणि बिलं यांचा मेळ बसत नाही, एवढंच लिहिलं होतं. त्यानंतर पाक्षिकासाठी संघाकडून येणारा पुढचा हप्ता आला नाही. कुणी धमकावलं नाही, जाब विचारला नाही. 'फाईल सहीला गेली आहे' एवढंच उत्तर मिळत राहिलं. दोन अंक बुडाले. तिसरा निघाला तेव्हा महोत्सवाच्या हिशेबाचा पुढचा भाग तयार असूनही त्यात नव्हता. तो मीच काढला होता. मला ते अजून सलतं.

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' असं आपण म्हणतो. पण माझ्याकडून टाळीची अपेक्षा कुणी केलीच नव्हती. मी गप्प बसले तरी पुरेसं होतं, आणि गप्प बसायला फारसं काही करावं लागत नाही.

मग संघाचा पैसा घेऊच नये, असं काहीजण म्हणतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं 'क्रिम्सन' हे वृत्तपत्र १८७३ पासून आणि येलच्या विद्यार्थ्यांचं 'डेली न्यूज' १८७८ पासून निघतं आहे, आणि दोन्ही आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहेत. त्यांचं मला कौतुक आहे. पण त्यांच्यामागे दीड शतकाचे माजी विद्यार्थी आणि देणगीदार उभे आहेत. काल सुरू झालेल्या पाक्षिकाने कुणाच्या जिवावर उभं राहायचं? छापील जाहिराती आटल्या. प्रशासनाकडे हात पसरावा, तर फी आणि परीक्षा ज्यांच्या हातात, त्यांचंच मिंधं व्हायचं. शेवटी उरतो तो विद्यार्थ्यांचा स्वतःचा पैसा. तो संघाच्या खात्यातून जातो म्हणून संघाचा होत नाही. संघ त्याचा विश्वस्त आहे, मालक नाही.

विश्वस्ताला मालक झाल्यासारखं वाटू लागलं की काय होतं, ते २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दिसलं. तिथल्या 'कोआला' या नियतकालिकाने एक लेख छापला. विनोदाच्या नावाखाली वंशद्वेषी शब्द वापरलेला, मला स्वतःला किळसवाणा वाटणारा लेख. प्रशासनाने निषेध केला, आणि त्याच दिवशी विद्यार्थी प्रतिनिधींनी ठराव करून सगळ्याच छापील विद्यार्थी नियतकालिकांचा निधी बंद केला. एकालाच वगळलं असतं तर भेदभाव उघड दिसला असता, म्हणून बाकीच्यांनाही त्याच पंक्तीला बसवलं. 'कोआला' न्यायालयात गेलं. आधी दावा फेटाळला गेला, पण २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. वृत्तपत्र स्वातंत्र्याचा प्रश्न इथे खरोखर उभा राहतो, असं म्हटलं. त्या लेखाचा राग मला समजतो. पण त्याची किंमत ज्यांनी तसं एक अक्षरही लिहिलं नव्हतं, त्यांनी मोजली.

मिनेसोटा विद्यापीठाची गोष्टही याच जातीची. तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्राच्या, 'मिनेसोटा डेली'च्या, १९७९ मधल्या एका विनोदी अंकावर लोक भडकले. मग विद्यापीठाच्या नियामक मंडळाने नियम बदलला: ज्याला नको असेल त्याने वृत्तपत्राच्या फीचा परतावा मागावा. १९८३ मध्ये न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं, कारण बदलामागे मजकुराचा राग होता.

हा परताव्याचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही, कारण तो प्रामाणिकपणेही मांडला जातो. जो वाचत नाही, त्याने पैसे का भरावेत? कॅनडात ऑन्टारिओ सरकारने २०१९ मध्ये हेच धोरण आणलं. 'अत्यावश्यक नसलेल्या' फी ऐच्छिक केल्या, आणि विद्यार्थी वृत्तपत्रं त्यातच धरली गेली. त्याच नोव्हेंबरात न्यायालयाने ते धोरण रद्द केलं आणि २०२१ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. तिथला वाद प्रामुख्याने सरकारच्या अधिकाराचा होता. माझं उत्तर साधं आहे. वसतिगृहाच्या गढूळ पाण्याची बातमी छापून आली आणि टाकी साफ झाली, तर स्वच्छ पाणी फक्त वाचकांनाच मिळत नाही.

आता व्यवस्थेबद्दल. दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम असावी. ती प्रतिनिधींनी नव्हे, सगळ्या विद्यार्थ्यांनी मतदान करून ठरवावी, आणि तीन वर्षांनी पुन्हा मत घ्यावं. अंक टुकार निघत असेल तर विद्यार्थी तेव्हा सांगतीलच. पैसा थेट वृत्तपत्राच्या स्वतंत्र मंडळाकडे जावा. त्या मंडळावर संघाचा एकही पदाधिकारी नको. संपादक तिथे काम करणाऱ्यांनी निवडावा. आणि संघाला हिशेब तपासण्याचा पूर्ण हक्क असावा, यावर मी खजिनदार असताना ठाम होते आणि आजही आहे. छपाईचं बिल दाखवा, मानधन कुणाला दिलं ते दाखवा. पण अंक छापायला जाण्याआधी तो बघायला मागायचा नाही. चुकीची किंवा बदनामीकारक बातमी आली तर खुलासा त्याच ठळकपणे छापायला लावा. तक्रार ऐकणारा माणूस संघाबाहेरचा आणि संपादक मंडळाबाहेरचा असावा.

'आम्ही चांगले आहोत, आम्ही असं कधी करणार नाही,' असं तुमच्यापैकी काहीजणांना वाटत असेल. माझा हप्ता ज्यांनी अडवला, तेही वाईट नव्हते. त्यांना फक्त आठवडाभर शांतता हवी होती. हातात चावी होती, ती त्यांनी फिरवली.

तुमच्या उद्याच्या सभेपुढचा, या निधीच्या ठरावाचा मसुदा मी वाचला. रक्कम पुरेशी आहे, ती वाढवा असं मी म्हणणार नाही. पण चौथ्या कलमात 'दरवर्षी कार्यकारिणीच्या मंजुरीच्या अधीन राहून' असे शब्द आहेत. मतदानाला टाकण्याआधी ते काढा.