पन्हाळा लॉजमध्ये दिलेला शब्द

[दृश्य: दसरा चौकातला शाहू महाराजांचा पुतळा. सकाळची वर्दळ. केएमटीची बस वळते.]

पन्हाळा लॉज म्हटलं की कोल्हापूरकराला वाटतं, गडावरचं एखादं हॉटेल असणार. पावसाळ्यात कणीस आणि झुणका-भाकर खायला जातो ना आपण, तिथलंच कुठलं तरी. हा पन्हाळा लॉज मात्र मुंबईतला, खेतवाडीतला. मुंबईला गेले की शाहू महाराज तिथं उतरायचे. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, तेही तिथंच.

जाण्याआधीच्या शेवटच्या भेटीत त्यांनी एका माणसाकडून शब्द घेतला. हा माणूस ना कोल्हापूरचा, ना दरबारातला. पनवेलचा, दादरला राहणारा, सरकारी खात्यात कारकुनी करता करता स्वतःचं पाक्षिक चालवणारा. महाराजांनी त्याला एक इतिहास लिहायला सांगितला. तो लिहून व्हायला छापील पानावर १९४८ साल उजाडलं.

ही त्या सव्वीस वर्षांच्या उधारीची गोष्ट आहे.

[दृश्य: जुना टाइपरायटर, शाईची दौत, पिवळी पडलेली पानं.]

केशव सीताराम ठाकरे. जन्म १७ सप्टेंबर १८८५, पनवेल. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळं शाळा पनवेल, कल्याण, बडोदा, देवास अशी फिरत राहिली आणि मॅट्रिक काही झालं नाही. मग पोटासाठी काय केलं नाही विचारा. पाट्या रंगवल्या, फोटो काढले, नाटक कंपनीबरोबर हिंडले, ग्रामोफोन विकले, विम्याचं काम केलं. शेवटी सार्वजनिक बांधकाम खात्यात स्थिरावले. पदवी नाही, कुठल्या मंडळाचं पाठबळ नाही. पण वाचन अफाट आणि भाषा अशी, की समोरच्यानं एक शब्द उच्चारायचा आणि यांनी त्याच्या अंगावर दहा टाकायचे.

त्या भाषेचा पहिला मोठा तडाखा बसला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना. भारत इतिहास संशोधक मंडळात राजवाड्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल, म्हणजे ठाकऱ्यांच्याच जातीबद्दल, केलेलं लिखाण ठाकऱ्यांना लागलं. राजवाडे म्हणजे त्या काळातलं केवढं नाव! गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करणारा, साधनांचे खंडच्या खंड छापणारा माणूस. त्यांच्यासमोर एक मॅट्रिक न झालेला कारकून उभा राहिला, तो 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक हातात घेऊन. साल १९१८. पुढच्याच वर्षी आला 'ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास'.

आणि इथं कोल्हापूरचे कान टवकारले.

[दृश्य: पंचगंगा घाट. पायऱ्या, दीपमाळा, पाण्यावर धुकं.]

ग्रामण्य हा शब्द आता कुणी वापरत नाही. एखाद्या जातीनं, एखाद्या घराण्यानं धर्मातला अमुक अधिकार आपलाही आहे असं म्हटलं, की त्यावरून उठणारा तंटा, बहिष्कार, वाळीत टाकणं, या सगळ्याला मिळून ग्रामण्य म्हणत. पेशवाईत अशी ग्रामण्यं कितीतरी झाली. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या कारकिर्दीतही क्षत्रियत्वाचा हाच वाद पेटला होता.

कोल्हापूरला हा विषय पुस्तकात वाचायची गरज नव्हती. १८९९ मध्ये, कार्तिकातल्या थंडीत, याच पंचगंगेवर महाराज स्नानाला यायचे. भटजी क्षत्रियांसाठीच्या वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे, मंत्र म्हणत होते आणि स्वतः आंघोळही न करता आले होते, हे राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिलं. पुढचं वेदोक्त प्रकरण आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, इनामं गेली, केसरीतून टीका झाली, महाराष्ट्रभर दोन तट पडले.

तेव्हा छत्रपतींसारखा छत्रपती जो अपमान गिळून बसला होता, त्याची अख्खी वंशावळ कुणीतरी कागदपत्रांसकट मांडली होती. महाराजांनी ठाकऱ्यांना गाठलं नसतं तरच नवल.

गाठलं, पण आधी पारखून घेतलं. पैशांचं आमिष पुढं करून हवं तसं लिहून मिळतं का, हे महाराजांनी तपासल्याचा प्रसंग ठाकऱ्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलाय. ठाकऱ्यांनी ते पैसे परत धाडले. महाराजांना हाच निकाल हवा होता. भाडोत्री लेखण्या त्यांच्याभोवती काय कमी होत्या?

[दृश्य: छापखान्यातले खिळे. एका जुळाऱ्याचा हात खिळे जुळवतोय.]

१६ ऑक्टोबर १९२१ रोजी 'प्रबोधन' निघालं. पाक्षिक. त्या नावानंच ठाकरे पुढं प्रबोधनकार झाले, आणि केशव सीताराम हे नाव मागं पडलं. अंकातला बराचसा मजकूर एकट्याचा. इतिहास, हुंडा, देवळं, भिक्षुकशाही, राजकारण, सगळ्यावर एकाच हातानं कोरडे. सरकारी नोकरीत असताना हे चाललं होतं, हे विशेष.

आता मुद्द्याचं. महाराजांचा असा स्नेह लाभलेला संपादक करवीर दरबाराबद्दल काय लिहिणार? गोडच लिहिणार, असं कुणालाही वाटेल.

[दृश्य: अंबाबाईचं मंदिर. महाद्वारातून आत. ओले पाय, दगडी फरशी, गाभाऱ्याचा उंबरठा. कॅमेरा उंबरठ्यावर थांबतो.]

हा उंबरठा बघून घ्या. आपण सगळे इथंच थांबतो, हात जोडतो, मागून कुणीतरी "चला, चला पुढं" म्हणतो. तेव्हाही लोक इथंच थांबायचे. एक दिवस काही मराठा तरुण थांबले नाहीत. ते आत गेले आणि त्यांनी आपल्या हातानं देवीची पूजा केली. झालं, गहजब. आणि त्या पोरांवर कारवाई केली ती दरबारानं. ज्या राजानं वेदोक्तासाठी आपल्या राजोपाध्यांशी वैर घेतलं, त्याच राजाच्या दरबारानं.

'प्रबोधन'मध्ये लेख आला. मथळा होता 'अंबाबाईचा नायटा'.

कोल्हापुरात आजही हा मथळा मोठ्यानं वाचायला जरा बिचकायला होतं. आम्ही हे निवेदन ध्वनिमुद्रित करत होतो, तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "असंच छापलं होतं?" असंच छापलं होतं, काका. नायटा म्हणजे वरवर बरा झालेला दिसतो आणि घाम आला की पुन्हा खाजतो तो. ठाकऱ्यांचा रोख देवीवर नव्हता. महाराजांच्या राज्यात, महाराजांच्या डोळ्यांदेखत तोच जुना रोग पुन्हा चरतोय, आणि औषध देणारा वैद्यच गप्प बसलाय, हे त्यांचं म्हणणं होतं.

दुसरा कुठला संस्थानिक असता तर अंक संस्थानच्या वेशीवर अडवला असता. शाहू महाराजांनी संबंध तोडले नाहीत. टीका पचवायला राजवैभवापेक्षा मोठं काहीतरी लागतं आणि ते महाराजांकडं होतं, असं म्हणून आपण लगेच हारतुरे घालतो. मला मात्र वाटतं, महाराजांचा हिशेबही त्यात असणार. आपल्या तोंडावर आपल्याला बोलणारा माणूस जे लिहील, त्यावर परक्यांचा विश्वास बसतो. अशा माणसाकडूनच इतिहास लिहून घ्यावा.

[दृश्य: खेतवाडीतली गल्ली. जुनी गॅलरी, लोखंडी कठडा. रात्र.]

तर, पन्हाळा लॉज. महाराजांची तब्येत ढासळलेली. ठाकऱ्यांना बोलावणं गेलं. महाराजांच्या मनात घोळत होता रंगो बापूजी, आणि त्याचा इतिहास लिहून पुरा करीन असा शब्द त्यांनी ठाकऱ्यांकडून घेतला.

कोण हा रंगो बापूजी? साताऱ्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना कटाचा आळ घालून साताऱ्याच्या गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं. रंगो बापूजी गुप्ते हे त्यांचे वकील. आपल्या धन्याची बाजू मांडायला ते थेट लंडनला गेले. इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांपुढं भाषणं केली, अर्जांवर अर्ज केले, पत्रकं छापून वाटली. पैसे संपले, कर्ज झालं, तरी हटले नाहीत. १८४७ मध्ये काशीला प्रतापसिंह वारले. पुढच्या वर्षी सातारचं राज्यच खालसा झालं. ज्याच्यासाठी भांडायचं तो धनी नाही आणि ज्या गादीसाठी भांडायचं ती गादीही नाही, तरी हा वकील लंडनमध्येच. जवळजवळ चौदा वर्षं काढून रिकाम्या हातानं परत आला.

मग १८५७. साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव रंगो बापूजींनी केली, ती फुटली. ८ सप्टेंबरला गेंडा माळावर सतरा जणांना मारण्यात आलं. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते निसटलेच. पुढं त्यांचं काय झालं, हे इंग्रजांनाही कळलं नाही.

[दृश्य: चिमासाहेब चौक. रिक्षा, सिग्नल.]

कोल्हापूरचा यात काय संबंध? हा चौक त्याची खूण. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीनं उठाव केला. डिसेंबरात शहरात पुन्हा बंडाळी झाली. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना इंग्रजांनी उचलून कराचीला नेलं, ते तिथंच वारले. सातारा आणि कोल्हापूर, छत्रपतींच्या दोन गाद्या, १७३१ च्या वारणेच्या तहानं वेगळ्या झालेल्या. पण साताऱ्याच्या गादीचं जे झालं, ते करवीरच्या गादीवर बसणाऱ्याला परक्या घरचं दुखणं कसं वाटेल?

[दृश्य: नर्सरी बागेतलं शाहू महाराजांचं समाधिस्थळ.]

महाराज गेले. शब्द तसाच राहिला.

मधली वर्षं सांगायची तर दुसरी फिल्म करावी लागेल. १९२२ मध्येच 'हिंदवी स्वराज्याचा खून' आलं, सातारच्या गादीच्या शेवटाची हकीकत सांगणारं. त्याला हप्ता म्हणता येईल. 'प्रबोधन'चं बिऱ्हाड साताऱ्याकडं गेलं, पुण्याला गेलं, कर्जं झाली, खटले झाले. पुण्यात तर विरोधकांनी दारात मेलेलं गाढव आणून टाकलं. अंक बंद पडला. मग नाटकं, चरित्रं, भाषणं.

आणि या सगळ्या धबडग्यात कागद जमवणं चालू होतं.

[दृश्य: टेबलावर एक जाडजूड ग्रंथ. बोट पानाच्या कडेवरून फिरतं. कड तुटते.]

'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी'. १९४८. पान उलटताना जपून उलटावं लागतं, कोपरा बोटाला चिकटून येतो. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा तटस्थ इतिहासकार नाही. रंगो बापूजी प्रतापसिंहांचे वकील होते, आणि ठाकरे रंगो बापूजींचे. साक्षीदार उभे करतात, कागद पुढं ठेवतात आणि मग इतक्या चढ्या आवाजात बोलतात, की विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐकूच येत नाही. अभ्यासकांनी ते पारखूनच घ्यावं. पण लंडनच्या थंडीत अर्ज लिहीत बसलेला तो म्हातारा वकील मराठी वाचकापुढं असा हाडामांसाचा उभा राहिला तो या लेखणीमुळं.

ग्रंथानंतरही ते थांबले नाहीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर सत्तरीत असताना व्यासपीठावर. प्रबोधनकार २० नोव्हेंबर १९७३ रोजी वारले. 'माझी जीवनगाथा' हे आत्मचरित्र त्याच वर्षीचं.

[दृश्य: नवा राजवाडा. घड्याळाचा मनोरा. संध्याकाळ.]

सातारचं राज्य कसं बुडालं, हे सांगणारा तो ग्रंथ कोल्हापूरच्या राजानं मागितला होता. तो हाती आला तेव्हा राजाला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि इंग्रजही गेले होते. पुढच्या वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

[पडदा काळा. पंचगंगेच्या पाण्याचा आवाज तेवढा राहतो.]