टाकीत किती तास आहेत?

श्रोतेहो, नमस्कार.

नांदेड, लातूर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर इथे धावपट्ट्या आहेत, आणि वैमानिक व्हायचंय म्हणणारी मुलंमुली आता आपल्या खेड्यांतही भेटतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

उडत्या विमानातलं इंधन संपतं, यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. पण अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 2017 मध्ये सांगितलं, की इंधनाचा हिशेब चुकून तिथे वर्षाला सरासरी 50 हून अधिक अपघात होतात. त्यांतल्या बहुतेकांत वैमानिकाची चूक निघाली.

हिशेब चुकतो कसा? नांदेडहून पुणे सरळ रेषेत साधारण 360 किलोमीटर. ताशी 200 च्या वेगाने 1 तास 48 मिनिटांत पोहोचू, असं कागदावर दिसतं. पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. तो ताशी 40 किलोमीटरचा असला, तरी सव्वादोन तास लागतात. सेसना 172 सारखं छोटं, एका इंजिनाचं विमान तासाला 30 ते 35 लिटर पितं. ही वाढीव 27 मिनिटं कुठून आणणार? वाटेत ढग टाळायला वळसा पडला, तर आणखी.

काट्यावर विसंबू नका. टाकीतला तरंगता गोळा इंधनाबरोबर हिंदकळतो, काटा नाचतो. ट्रॅक्टरच्या टाकीत काडी घालून डिझेल बघतात, तसंच उड्डाणाआधी स्वतः पंखावर चढून मोजपट्टी बुडवायची. मग झाकण घट्ट लावायचं, हे फार महत्त्वाचं. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि सैल झाकणातून इंधन बाहेर ओढलं जातं.

कधी टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडतं, कारण कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा कॉक भलत्याच, रिकाम्या टाकीवर असतो.

अमेरिकेत, नजरेच्या भरवशावर उडताना, ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांचं इंधन उरेल एवढं घेऊनच निघावं लागतं. माझ्या मते तासभराचं तरी उरावं. इंजिन बंद पडलं, तर एक किलोमीटर उंचीवरून सेसनासारखं विमान जेमतेम नऊ किलोमीटर तरंगतं. खाली श्रावणातलं काळं रान असेल, तर चाकं चिखलात रुततात आणि विमान नाकावर उलटतं. म्हणून शंका आली, की लातूर असो वा धाराशिव, जवळची धावपट्टी गाठा. त्यात कमीपणा कसला?

आणि पालकहो, पोरगं उड्डाणाला निघालं की विचारा, "बाळा, टाकीत किती तासांचं आहे?" उत्तर तास-मिनिटांतच यायला हवं.