आधी दिशा, मग आकार

मंडळी, विषय 'आकार आणि घरातली ऊर्जा' असा जाहीर झालाय. घरात ऊर्जेसाठी टांगतात त्या पिरॅमिडकडे मी येणारच आहे, पण आधी दिशा. वास्तूचं मंडल, म्हणजे घराच्या नकाशावर आखलेली चौकोनांची जाळी, कितीही रेखीव काढलं आणि तेच 10 अंशांनी फिरलेलं असलं, तर एकही पद, म्हणजे त्यातला एकही चौकोन, आपल्या जागी बसत नाही.

हल्ली लोक दिशा मोबाईलवर बघतात, तीही घराच्या मधोमध उभं राहून! स्लॅबमध्ये लोखंडी सळया, शेजारी फ्रिज, स्पीकरमध्ये चुंबक. दोन पावलं सरकलात की काटा फिरतो. आणि त्या काट्याच्या भरवशावर भिंत पाडा, ओटा हलवा असे सल्ले देतात. मला याची खरंच चीड येते. कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथात, शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीच्या सावलीची, रीत स्वच्छ सांगितली आहे की!

गच्चीवर पाणसळ लावून सपाट जागा शोधा. 12 अंगुळांचा शंकू ओळंब्यात उभा करा. तेवढ्याच लांबीच्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला टेकेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. मग दोन्ही खुणांवरून सारख्याच, जरा लांब दोरीने कंस मारा. मधे जी आकृती उमटते तिला 'मत्स्य' म्हणतात. तिच्या डोक्यापासून शेपटीपर्यंतची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण.

चुकतं कुठे? शंकू कललेला असतो. हिवाळ्यात सूर्य 45 अंशांच्या वर जेमतेम जातो किंवा जातच नाही, मग टोक वर्तुळात येणार कसं? तेव्हा त्रिज्या दुप्पट घ्या. कठड्याशी या रेषेचा होणारा कोन मोजा. खालची भिंत कठड्याला समांतर असेल तर तोच कोन घरात धरा.

पाचच मिनिटं उरलीत म्हणताहेत, तर भराभर सांगतो. खोली काटकोनात आहे का ते दोन्ही कर्ण मोजून बघा. 4 बाय 3 मीटरच्या खोलीत दोन्ही 5 मीटर भरले पाहिजेत. 5 सेंटिमीटरचा फरक निघाला तर 3 मीटरच्या भिंतीत सुमारे 3 सेंटिमीटर तिरकेपणा आहे, आणि फरशीच्या शेवटच्या ओळीत पाचर निघणारच. मग 81 पदांचं मंडल: लांबी-रुंदीचे नऊ-नऊ भाग, मधली 9 पदं ब्रह्माची. तिथे कपाट नको. ये-जा आणि वारा तिथूनच होऊ द्या.

पिरॅमिड टांगून खोलीतला उजेड, वारा, आवाज बदलत नाही. खोलीच्या आकाराने बदलतो. 3.4 मीटरच्या चौरस खोलीत लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांचा घुमारा, म्हणजे खोली ज्या सुराला घुमते तो, 50 हर्ट्झच्या आसपास एकावर एक येतो. तिथे स्पीकर कोपऱ्यात आणि खुर्ची बरोबर मध्यावर ठेवू नका. समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींत टाळी वाजवल्यावर खडखड ऐकू आली, तर एका भिंतीला पुस्तकांनी भरलेली मांडणी लावा आणि पुन्हा टाळी वाजवून बघा.