रुपयाला चुंबक लावून बघा

नमस्कार, श्रोतेहो.

घरात जुन्या नाण्यांचा डबा असेल तर काढा, आणि फ्रिजच्या दारावरचं एखादं चुंबकही घ्या. १९८५ चा रुपया त्याला लावा, ढिम्म. १९९५ चा लावा, टपकन चिकटतो. दोन्ही बंदे रुपयेच, पण धातू बदलला.

आधीचा रुपया तीन भाग तांबं आणि एक भाग निकेलचा. गंजत नाही, दिसायला चांगला, ओट्यावर टाकला तर खणखणणारा. पंचाईत एकच. तांब्या-निकेलचे भाव चढले, की रुपयात रुपयापेक्षा जास्त माल भरतो आणि नाणं बाजाराऐवजी भट्टीत जातं. त्याआधी १, २, ३ पैशांसाठी ॲल्युमिनियम वापरून झालं होतं. एक पैसा जेमतेम पाऊण ग्रॅमचा! हातात घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नसे.

म्हणून १९८८ मध्ये १०, २५ आणि ५० पैशांसाठी स्टेनलेस स्टील आलं, १९९२ मध्ये रुपयासाठी. आता स्टील म्हटलं की आपल्याला डबे-पातेली आठवतात. पण चांगल्या पातेल्याच्या स्टीलमध्ये निकेल असतं, आणि ते ठोकावं तसं कडक होत जातं. टांकसाळीत ते चालत नाही, ठसेच लवकर झिजतील. नाण्याच्या स्टीलमध्ये लोखंड आणि साधारण १७ टक्के क्रोमियम. निकेल नाही, म्हणून स्वस्त. दाबाखाली चित्र नीट उठतं आणि चुंबकालाही चिकटतं. निवड अगदी योग्य होती, असं माझं मत.

तरी २००७ मध्ये कोलकात्यात सुट्ट्यांची टंचाई झाली, तेव्हा नाणी बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या आल्याच!

मग २०११ मध्ये धातू तोच ठेवून आकार घटवला. मला खटकतं ते हे. डब्यातून संसद भवनाचं चित्र असलेले आठ आणे काढा आणि त्यावर २०११ च्या मापाचा रुपया ठेवा. कडेला कड जुळते: दोन्ही २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. त्याच मालिकेतले दोन रुपये मापानं आणि वजनानं १९९२ च्या रुपयाएवढे. अंधारात बोटांनी चाचपून सुट्टे देणाऱ्यानं ओळखायचं कसं?

आणि बरं का, ते आठ आणे कायद्यानं अजून चलनात आहेत. भाजीवाला घेत नाही, तो भाग निराळा.